कॉलनीच्या स्नेहमेळाव्यात सगळ्यांनी मिळून केलेली कागदाची चादर : ओरिगामी वर्कशॉपचा रिव्ह्यू, सोलापूर

आधी थेट सांगते, तुमच्या कॉलनीचा, मंडळाचा, शाळेच्या बॅचचा किंवा घरातलाच मोठा कार्यक्रम असेल आणि ऑर्केस्ट्रा, तंबोला, संगीत खुर्ची सोडून काहीतरी वेगळं हवं असेल तर आम्ही बोलावलेल्या ताईंचं ओरिगामी वर्कशॉप, म्हणजे कागदाच्या घड्या घालून वस्तू करायचं, नक्की ठेवा. पाचपैकी साडेचार स्टार देतेय. अर्धा का कापला तेही खाली सविस्तर लिहिलंय, कारण पैसे भरण्याआधी ते माहीत असलेलं बरं.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. कॉलनीत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी घरं आहेत, काही उर्दू बोलणारी आहेत, आणि दरवर्षी रथसप्तमीच्या आसपास हळदीकुंकू आणि स्नेहमेळावा आम्ही एकत्रच करतो. दरवर्षी होतं काय तर स्टेजवर ठरलेली आठ-दहा माणसं गाणी म्हणतात, मुलं डान्स करतात आणि खाली बसलेले बाकीचे मोबाईल बघत जेवणाची वाट बघतात, म्हाताऱ्या माणसांना तर स्टेजवरचं नीट दिसतही नाही. म्हणून यंदा मी मीटिंगमध्ये हट्टच धरला की असं काहीतरी करू ज्यात बघणारा कुणीच नसेल, सगळे करणारे असतील. एका मैत्रिणीने या ताईंचा नंबर दिला.

रेट आधी सांगून टाकते कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येणार. आम्हाला माणशी 60 रुपये पडले, कमीत कमी 100 माणसं लागतात, अर्धे पैसे ॲडव्हान्स. कागद, टेप, पट्ट्या, लावायचं सामान सगळं त्यांचं, हॉल, टेबल-खुर्च्या आणि माईक आपला. ताई आणि त्यांच्याबरोबर तीन मदतनीस मुलंमुली येतात. आमच्याकडे लहानमोठे धरून साधारण दीडशे माणसं होती. पुण्या-मुंबईकडून कुणाला बोलवायचं तर जाण्यायेण्याचा खर्चच केवढा होतो, त्या मानाने हा रेट मला अगदी रास्त वाटला.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे ताई आधी एक दिवस हॉल बघायला आल्या आणि त्यांनी जे प्रश्न विचारले ते. साठीच्या पुढचे किती जण आहेत, सहा वर्षांच्या आतली मुलं किती, कुणाच्या हाताला कंप आहे का, ट्यूबलाईट कुठे आहेत, कुठल्या टेबलावर पंख्याचा वारा येतो, कुठली भिंत मोकळी आहे. आम्हाला वाटलं होतं या येतील, कागद वाटतील, पोपट शिकवतील आणि जातील. पण त्यांनी चक्क वहीत हॉलचा नकाशा काढून घेतला.

मग त्यांनी पर्याय दाखवले. पहिला म्हणजे हजार करकोच्यांची माळ, जपानची प्रसिद्ध आहे ती. सादाको सासाकीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, पुढे ल्युकेमिया झाला आणि 1955 मध्ये ती गेली, दवाखान्यात असताना ती कागदाचे करकोचे करत राहिली, 1958 मध्ये हिरोशिमाच्या पार्कमध्ये मुलांचं स्मारक उभं राहिलं आणि अजूनही जगभरातून मुलं तिथे करकोच्यांच्या माळा पाठवतात. आमच्या कमिटीतल्या सगळ्यांना तेच करायचं होतं, हजार म्हटल्यावर आकडा पण भारी वाटतो. पण ताईंनी सरळ सांगितलं की करकोच्याला खूप घड्या आहेत, पहिल्यांदा करणाऱ्याला एकच करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मधेच ती पाकळी वर ओढायची घडी येते तिथे निम्मी माणसं अडकतात, अडकली की कागद बाजूला ठेवतात आणि मोबाईल काढतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं असलेल्या गर्दीकडून अडीच तासात हजार होणार नाहीत, आणि जे होणार नाही ते मी कबूल करत नाही, असं त्या म्हणाल्या. धंदा करताना गिऱ्हाईकाला एवढं स्पष्ट सांगणारं माणूस मिळणं मला मोठी गोष्ट वाटते.

दुसरा पर्याय व्हिजिटिंग कार्डांचा ठोकळा होता, त्याबद्दल शेवटी सांगते. तिसरा पर्याय ऐकला आणि आमचं पाच मिनिटात ठरलं. कागदाची सोलापुरी चादर.

म्हणजे काय ते नीट सांगते. घोटीव कागद आठवतोय ना, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आणायला सांगायचे तो, एका बाजूने चकचकीत रंग आणि मागून पांढरा. तो ए-फोर साईजमध्ये घेऊन त्याचे 9.9 सेंटीमीटरचे चौकोन कापायचे. दहाचे का नाही असं मी विचारलं तर ताई म्हणाल्या ए-फोर 29.7 सेंटीमीटर लांब असतो, 9.9 घेतलं तर बरोब्बर तीन बसतात आणि एका कागदात सहा चौकोन निघतात, दहाचं घेतलं तर चारच निघतात आणि बाकीचा कागद वाया. असा विचार केलेला माणूस दिसला की मला फार बरं वाटतं. मग त्या चौकोनाचे चारही कोपरे मधल्या बिंदूवर आणून घडी घालायची, झाला 7 सेंटीमीटरचा लाल चौकोन. याला त्या ‘बंद घर’ म्हणतात. आता मधे आलेली चारही टोकं उलटी फिरवून कडेला नेऊन टेकवली की आतला पांढरा उघडा पडतो आणि लालवर शंकरपाळ्यासारखा तिरका पांढरा चौकोन दिसतो. हे ‘उघडं घर’. बस, एवढंच शिकायचं. दोन घड्या. पाच वर्षांच्या पोराला पण येतं आणि पंच्याऐंशीच्या आजीला पण येतं.

अशी 24 घरं आडवी आणि 36 घरं उभी, एकूण 864 घरं, कुठे बंद आणि कुठे उघडं त्यावरून नक्षी तयार होते, मधे मोठं फूल आणि चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या. मापं काढलीत तर 168 सेंटीमीटर बाय 252 होतं, म्हणजे आपल्या सिंगल चादरीपेक्षा थोडीशीच मोठी. मुद्दाम तसंच ठेवलंय म्हणे.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येक टेबलाला पुठ्ठ्याची एक लांब पट्टी आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर ओळ क्रमांक आणि पुढे नुसते गोल, भरलेला गोल म्हणजे बंद घर, पोकळ गोल म्हणजे उघडं. तुमच्या टेबलाने 24 घरं करायची, चिठ्ठीप्रमाणे पट्टीवर चिकटवायची आणि पट्टी पुढे नेऊन द्यायची, मग पुढची चिठ्ठी घ्यायची. नक्षी कशाची आहे हे ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कमिटीतल्या आम्हा दोघीतिघींनाच माहीत होतं. आणि नक्षी अशी निवडली होती की डावी-उजवी बाजू सारखी, त्यामुळे कुणी पट्टी उलटीकडून चिकटवली तरी बिघडत नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दीडशे माणसांकडून एकाच वेळी काम करून घ्यायचं म्हणजे चूक होणारच नाही अशी आशा धरून चालत नाही, झाली तरी चालेल अशी सोय आधीच करावी लागते.

आता जो प्रसंग सांगायला हा रिव्ह्यू एवढा लांबवलाय तो सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात, आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात होते, घरी तेलुगू बोलतात. ते अशा कार्यक्रमाला येतात पण कोपऱ्यात बसतात, जेवतात आणि जातात, कुणाशी फार बोलत नाहीत. त्यांच्या नातवाने त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. आजोबांनी चष्मा लावला, चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, बोट एकेका गोलावरून सरकवलं आणि म्हणाले, “हा पुठ्ठा आहे की रे जॅकार्डचा.” नातवाला कळेना. मग ते त्याला समजवायला लागले की मागावर वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते, एका पट्टीत जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तो खालीच राहतो, एक पट्टी म्हणजे चादरीची एक आडवी ओळ, पट्ट्या फिरत राहतात आणि खाली फूल उतरत जातं. नक्षी काढणारा आधी ग्राफ पेपरवर घरं भरतो आणि मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात. आजोबा बोलतायत आणि आजूबाजूची टेबलं गप्प होऊन ऐकतायत, बाजूच्या टेबलावरची कॉलेजची पोरं उठून त्यांच्यामागे येऊन उभी राहिली.

ताई लांबून बघत होत्या. दुसरा कुणी ट्रेनर असता तर माईक घेऊन “चला चला वेळ कमी आहे” केलं असतं. त्यांनी माईक नेऊन आजोबांच्या हातात दिला. आजोबांना माईकची सवय नाही, पण बोलले, मराठीत सुरू केलं आणि मधेच तेलुगूत गेले, आणि ताईंनी ते तसंच मराठीत करून सांगितलं, कारण त्यांना तेलुगू येतं. हे सोलापूरच्या माणसाला महत्त्वाचं आहे हां. आमच्याकडच्या कितीतरी अम्मा मराठी समजतात पण सूचना भराभर मराठीत आल्या की मागे राहतात, इथे ताई टेबलाजवळ जाऊन तेलुगूतून सांगत होत्या आणि त्यांच्या मदतनीसांपैकी एकाला कन्नड येत होतं.

ताईंनी मग दोन मिनिटात सांगितलं की ही पुठ्ठ्याच्या भोकांची युक्ती 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या माणसाने बसवली आणि पुढे कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात माहिती भरायला भोकांची कार्डं वापरायचे त्याची मुळं तिथे आहेत. आयटीतली पोरं हे ऐकून आजोबांकडे ज्या नजरेने बघायला लागली ते बघून मला खरंच भरून आलं. आपल्या शहरात चादर घराघरात आहे, रेल्वेने कुठे गेलो तर भेट म्हणून चादरच नेतो, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून अभिमानाने सांगतो, पण ती विणणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे शेजारी राहून आम्हाला माहीत नव्हतं.

आणि आजोबा तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले काठ कुठाय? चादरीला काठ पाहिजे. आणि आपली चादर उलटी केली की मागच्या बाजूला रंग उलटे दिसतात, लालचं पांढरं आणि पांढऱ्याचं लाल, तसा काठ करा. म्हणजे कागद उलटा धरायचा, पांढरी बाजू बाहेर ठेवून घर करायचं, मग मधला तिरका चौकोन लाल येतो. ताईंनी एक मिनिट विचार केला, हातात एक कागद उलटा घेऊन घडी घालून बघितली, आणि माईकवर जाहीर केलं की पहिली आणि शेवटची ओळ पूर्ण उलटी, बाकीच्या प्रत्येक पट्टीचं पहिलं आणि शेवटचं घर उलटं. म्हणजे 116 घरं बदलली. ज्यांच्या पट्ट्या चिकटवून झाल्या होत्या त्यांनी कडेची घरं काढून नवी लावली आणि एकानेही कुरकुर केली नाही. पैसे घेऊन आलेल्या माणसाने, स्वतःचं सगळं आखून आणलेलं डिझाईन, एका आजोबांच्या सांगण्यावरून ऐन वेळी बदलणं हे मी पहिल्यांदा बघितलं. लोकसहभाग लोकसहभाग सगळेच म्हणतात, बऱ्याच ठिकाणी तो म्हणजे आधीच ठरलेल्या चित्रात रंग भरायला मिळणं एवढाच असतो. इथे चित्रच बदललं.

एक अजून. विडी वळून आयुष्य काढलेल्या एक मावशी आमच्या टेबलावर होत्या. त्यांचे अंगठे मी जवळून बघत बसले होते. बाकी आम्ही घडी घालून मग नखाने दाबत होतो, त्या कागद ठेवता ठेवताच अंगठा सरकवायच्या आणि घडी बसलेली असायची, चारही टोकं बरोब्बर मधे, केसाएवढी फट नाही. बोलता बोलता, हाताकडे न बघता. आमच्या टेबलाच्या पट्ट्या सगळ्यात आधी पुढे जायच्या त्या त्यांच्यामुळे. मदतनीस मुलगी त्यांच्याकडे येऊन “मावशी तुमचा हात जरा हळू दाखवा ना, मला शिकायचंय” म्हणाली तेव्हा मावशी केवढ्या हसल्या.

मधल्या वेळात, म्हणजे काही टेबलं पुढे आणि काही मागे होती तेव्हा, ताईंनी छोट्या छोट्या गोष्टी सांगितल्या आणि त्या पण आवडल्या. अकिरा योशिझावा म्हणून जपानचे ओरिगामीचे थोर कलाकार, 1911 चा जन्म आणि 2005 मध्ये गेले, ते तरुणपणी कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या नव्या कामगारांना भूमिती शिकवायला कागदाच्या घड्या वापरायचे. आज जगात कुठल्याही भाषेतल्या पुस्तकात घडीची जी खूण दिसते, तुटक रेघ आली की आत घडी, रेघ आणि टिंबं आली की बाहेर घडी, ती पद्धत मूळ त्यांची, म्हणून भाषा न येता पण माणूस चित्र बघून घडी घालू शकतो. कागद जरासा ओला करून घडी घालायची आणि वाळला की गोलाई टिकून राहते ही पण त्यांचीच रीत. मग मिउरा घडी दाखवली, नकाशासारखा मोठा कागद अशा तिरक्या घड्यांनी मिटवायचा की दोन कोपरे धरून ओढलं की एका झटक्यात सगळा उघडतो आणि ढकललं की मिटतो. जपानच्या कोर्यो मिउरा या शास्त्रज्ञाची ती घडी, 1995 मध्ये अंतराळात सोडलेल्या जपानी उपग्रहावर सोलर पॅनेल उघडायला वापरली होती. इंजिनिअरिंगची पोरं तो कागद सोडायलाच तयार नव्हती. भाषण असं कुठे झालंच नाही, दोन मिनिटं बोलायच्या आणि परत टेबलांकडे.

लहान मुलांसाठी वेगळी सतरंजी होती, तिथे होडी, शिडाची होडी, टोपी, विमान, बोटात घालून उघडझाप करायचं ते, असं सगळं आपलंच. तिथे उलट झालं, मदतनीस मुलाला येत नसलेली नांगरहोडी आमच्या एका आजींनी शिकवली. त्याने ती लगेच वहीत चित्र काढून लिहून घेतली.

आता अर्धा स्टार का कापला.

कागद कापून आणताना गडबड झाली होती. कुठल्यातरी प्रेसमध्ये मशीनवर कापून घेतले होते आणि त्यातला एक गठ्ठा चौकोनी नव्हता, एक बाजू दोनेक मिलिमीटर मोठी. बघताना कळत नाही, पण कोपरे मधे आणले की जुळत नाहीत आणि माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाहीये. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या काकू दोन-तीन घरं करून “मला नाही जमत बाई” म्हणून हात बाजूला घेऊन बसल्या होत्या, तेव्हा ताईंनी येऊन कागद कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमडून बघितला आणि सांगितलं की तुमची घडी बरोबर आहे, कागद चुकलाय. तो गठ्ठा लगेच बाजूला काढला आणि मुलांच्या विमानांना दिला, जादा कागद होता म्हणून निभावलं. पण हे घरून निघण्याआधी तपासायला हवं. नवख्या माणसाचा पहिला कागद चांगलाच असला पाहिजे, नाहीतर तो परत हात लावत नाही.

घोटीव कागदाची चकाकी घडीवर तडकते हा दुसरा मुद्दा. जोरात नख मारलं की लालवर पांढरी रेघ उमटते. लांबून दिसत नाही पण जवळून दिसते. चांगला, रंग आतपर्यंत मुरलेला ओरिगामीचा कागद घेतला तर हे होणार नाही, पण रेट वाढेल. ताईंनी दोन्ही रेट सांगायला हवे होते आणि आम्हाला निवडू द्यायला हवं होतं असं मला वाटतं. आम्ही माणशी दहा-पंधरा रुपये जास्त दिले असते.

तिसरा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा म्हणजे शेवटचा अर्धा-पाऊण तास. सगळ्या 36 पट्ट्या तयार झाल्या आणि त्या काळ्या कापडावर एकाखाली एक लावायच्या होत्या, तर हे काम ताई आणि टीम स्टेजवर खाली बसून करत होती, बाकी दीडशे माणसं रिकामी. तेवढ्यात जेवणाचा वास यायला लागला आणि अर्धा हॉल उठून ताटं घ्यायला गेला. टेपने नीट धरलं नाही म्हणून खालच्या काही पट्ट्या उभं केल्यावर सुटल्या, परत लावायला लागल्या. शेवटी चादर उभी राहिली आणि फूल दिसलं तेव्हा बघायला हॉलमध्ये निम्मीच माणसं होती, बाकीचे हातात ताट घेऊन दारातून बघत होते. ज्या क्षणासाठी दोन तास सगळे राबले तो क्षण जेवणात गेला याचं मला मनापासून वाईट वाटलं. यावर उपाय अवघड नाही, पट्ट्या जशा तयार होतील तशा वरून खाली टांगत गेलं तर नक्षी सगळ्यांच्या डोळ्यासमोर उतरत जाईल, अगदी मागावर उतरते तशी. मी ताईंना हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी वरती दांडी आणि हुक आणते म्हणाल्या. टेप पण कापडाला धरणारा वेगळा घेणार म्हणाल्या.

आणि एका मदतनीस मुलाला सवय होती की कुणाला जमत नसेल तर कागद हातातून घेऊन स्वतः करून द्यायचा. चांगल्या मनाने करत होता पण असं करू नये. ताई स्वतः कधीच दुसऱ्याच्या कागदाला हात लावत नाहीत, त्या आपला वेगळा कागद घेऊन समोर बसतात आणि बरोबरीने करतात. टीमला पण हे शिकवलं पाहिजे.

जे बुक करणार आहेत त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही गोष्टी. पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर कागद हॉलभर उडतो, आणि सोलापूरची फेब्रुवारीची दुपार म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून सकाळी दहाच्या आत सुरू करा किंवा संध्याकाळी ठेवा. एप्रिल-मे मध्ये बंद हॉलमध्ये तर अजिबात नको. खाणं आधी ठेवू नका, भज्याचा किंवा शेंगाचटणीचा हात कागदाला लागला की डाग गेलाच म्हणून समजा, आमच्याकडे आधी फक्त तिळगूळ वाटला होता त्याने सुद्धा काही घरं चिकट झाली. टेबल हवंच, मांडीवर घडी नीट बसत नाही, ज्येष्ठांना तर टेबल-खुर्ची लागतेच. एका टेबलावर एकाच घरची माणसं बसवू नका, मिसळा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून टेबलं ठरवली आणि त्यामुळे दहा वर्षं एका कॉलनीत राहून नावं माहीत नसलेली माणसं एका पट्टीवर घरं चिकटवत होती. आणि हे सगळं झाल्यावर ती वस्तू ठेवायची कुठे हे आधी ठरवा. सव्वाआठ फूट उंच चादर कुणाच्या घरात मावत नाही. आमची सध्या कॉलनीच्या वाचनालयात लावलीय, उन्हापासून लांबच्या भिंतीला, कारण घोटीव कागदाचा रंग उन्हात उडतो. शाळेच्या सुट्टीत पोरं येऊन आपापली ओळ मोजून शोधतात, आणि आजोबा आता संध्याकाळी वाचनालयात येऊन बसतात, कुणी नवीन आलं की काठ दाखवतात.

आता तो व्हिजिटिंग कार्डांचा ठोकळा, कारण पुढच्या वेळी आम्ही तोच करणार आहोत. व्हिजिटिंग कार्डाची दोन्ही टोकं दुमडायची, अशी सहा कार्डं एकमेकांत अडकवली की गोंदाशिवाय एक छोटा घन होतो. असे 20 घन भोकं भोकं राहतील अशा पद्धतीने जोडायचे आणि बाहेरून अजून कार्डं लावून झाकायचे, एकूण 192 कार्डं लागतात, याला मेंगर स्पंज म्हणतात, गणितातला प्रसिद्ध आकार आहे. असे 20 स्पंज परत तसेच जोडले की मोठा स्पंज, त्याला 3456 कार्डं, कारण जोडलेल्या बाजूंना बाहेरची कार्डं लागत नाहीत. अमेरिकेत जीनिन मोझली या बाईंनी शेकडो लोकांच्या मदतीने याच्याही पुढचा केला होता, 66,048 कार्डांचा. ताईंनी फोटो दाखवला, माणूस आत रांगत जाईल एवढा मोठा.

आम्ही मधल्या 3456 वाल्याचा विचार करतोय, साधारण दीड फुटी होईल आणि वाचनालयाच्या टेबलावर बसेल. कार्डं विकत घेऊन करण्यात मजा नाही, म्हणून बंद पडलेल्या दुकानांची, नंबर बदललेल्या डॉक्टर-वकिलांची, छपाई चुकलेली अशी जुनी कार्डं गोळा करायला सुरुवात केलीय. सोलापुरातल्या कुणाकडे गठ्ठे पडून असतील तर फेकू नका, कमेंटमध्ये सांगा, आमची पोरं सायकलवर येऊन घेऊन जातील. कार्ड नेहमीच्या साईजचं आणि जाड हवं, प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलेलं चालत नाही, घडी उलगडते.